कुत्र्याने पाल किंवा सरडा खाल्ला तर काय करावे

कुत्र्याच्या तोंडात पाल दिसली की सर्वांत आधी विषाचीच भीती वाटते, कारण पाल विषारी असते असे आपण लहानपणापासून ऐकत आलेलो असतो. वस्तुतः आपल्याकडील घरातली पाल, कुंपणावरचा सरडा किंवा बागेतली सापसुरळी यांपैकी कशातही विष नसते. त्यामुळे घाबरून मिठाचे पाणी पाजणे किंवा घशात बोटे घालून उलटी काढणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. त्यांनीच अधिक अपाय होतो.

खरे पहिले काम म्हणजे कुत्र्याने नेमके काय खाल्ले ते ओळखणे. तुटल्यावरही फरशीवर वळवळत राहिलेले शेपूट असेल, तर ते पालीचे किंवा सापसुरळीचे समजावे. सापसुरळीला पुष्कळदा सापाचे पिल्लू समजतात, परंतु तिला चार इवलेसे पाय असतात. पाय दिसले नाहीत किंवा शंका राहिली, तर ते सापाचे पिल्लू धरूनच चालावे, कारण धोका साप गिळण्यापेक्षा पकडताना तोंडाला झालेल्या दंशाचा असतो. फुरसे किंवा घोणस चावल्यास बहुधा तोंड सुजते आणि रक्त येते. मण्यार चावल्यास मात्र सूज जवळजवळ येतच नाही आणि थोड्या वेळाने मागचे पाय लटपटू लागतात. अशा वेळी लक्षणांची वाट न पाहता, प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या पशुवैद्यकाकडे तडक जावे. तोंडाला एकदम फेस आला, तर कुत्र्याने पावसाळ्यात अंगणात येणारा चामखिळ्या भेक (खडबडीत कातडीचा बेडूक) चावल्याची शक्यता असते. कुत्र्याचे तोंड खाली झुकवून, पाणी घशात जाऊ न देता ते धुवावे आणि मग दवाखाना गाठावा.

पाल किंवा सरडाच होता हे नक्की असेल, तर पुढचे चार-पाच दिवस लक्ष ठेवावे. या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात, ज्यांमुळे उलट्या, जुलाब आणि ताप येतो. हिरडीवर अंगठा दाबून सोडावा. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. तसे झाले नाही, शीमधून रक्त पडले किंवा पिल्लाने खाणेपिणे सोडले, तर त्याच दिवशी दाखवावे. माणसांसाठीची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन ही औषधे स्वतःच्या मनाने कधीही देऊ नयेत.

कुत्रा ठणठणीत दिसत असला तरी त्याच्या विष्ठेतून हे जिवाणू काही आठवडे बाहेर पडू शकतात. म्हणून विष्ठा हातमोजे घालून उचलावी, हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांचे तोंड त्याला चाटू देऊ नये.

जंतांचा प्रश्न सावकाश उद्भवतो. स्पायरोमेट्रा या चपट्या जंताच्या अळ्या बेडूक, साप आणि सरडे यांच्या मांसातून कुत्र्याच्या पोटात जातात व आतड्यात वाढतात. या जंतासाठी प्राझिक्वांटेलची मात्रा नेहमीच्या जंतनाशक गोळीपेक्षा बरीच जास्त लागू शकते, तेव्हा घरातली गोळी देऊन समाधान मानू नये. तीन-चार आठवड्यांनी ताज्या विष्ठेचा नमुना स्वच्छ डबीत भरून तपासणीसाठी न्यावा आणि कुत्र्याने काय व कधी खाल्ले होते तेही पशुवैद्यकाला आवर्जून सांगावे.