मोटारसायकलला रिव्हर्स गिअर बसवताना या चुका टाळा

ज्याच्या पायात जोर नाही, त्याला साइड-व्हीलची, म्हणजे बाजूला जादा चाकं लावलेली मोटारसायकल ढकलून मागे घेता येत नाही. दिव्यांग चालकासाठी रिव्हर्स ही चैन नव्हे. काम नीट झालं तर तो कुणाला हाक न मारता गल्लीतून गाडी बाहेर काढतो. अर्धवट झालं तर तीच गाडी त्याला पाडते.

रिव्हर्स मिळावा म्हणून सेल्फच्या, म्हणजे बटण-स्टार्टच्या मोटरच्या वायरी उलट्या जोडू नका. मोटर उलटी फिरेल, पण तिच्या आणि क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) मध्ये एकाच दिशेला जोर देणारा वन-वे क्लच असतो आणि उलट्या दिशेला तो नुसता घसरतो. गाडी जागची हलत नाही, बॅटरी मात्र बसते. होंडाच्या गोल्ड विंग जीएल १५०० ला सेल्फच्याच मोटरवर रिव्हर्स आहे, पण तिथे मोटरचा जोर चाकाकडे नेणारी वेगळी गिअरची वाट दिलेली आहे. इंजिनच उलटं फिरवायचं तर जर्मनीची तीनचाकी मेसर्श्मिट केआर २०० तसं करायची आणि चारही गिअरमध्ये मागे जायची. ते इंजिन टू-स्ट्रोक होतं. फोर-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्हची वेळ कॅमने बांधलेली असते, तिथे हा मार्ग बंद.

उरते ती इंजिन आणि मागच्या चाकामध्ये बसणारी वेगळी रिव्हर्स गिअरची पेटी. एक चेन इंजिनकडून पेटीला येते, दुसरी पेटीकडून चाकाला जाते. सगळ्यात जास्त बिघाड पेटीच्या फाउंडेशनमध्ये, म्हणजे ती चेसिसला जिथे बसवतात तिथे होतात. पुढे जाताना दोन्ही चेनचा ताण वरच्या बाजूला असतो, एक पेटीला पुढे ओढते, दुसरी मागे, आणि ओढ बरीचशी फिटते. रिव्हर्समध्ये इंजिनकडची चेन वरूनच ओढते, पण चाकाकडची खालून ओढू लागते. पेटीला पीळ बसतो. पातळ पट्टीवर दोन बोल्टांत बसवलेली पेटी इथेच तिरकी होते, स्प्रॉकेटची (चेनच्या दातेरी चाकांची) रेषा चुकते आणि चेन उतरते. जाड प्लेट घ्या, चेसिसला दोन्ही बाजूंनी आधार द्या. मागच्या ब्रेकची टॉर्क रॉड, म्हणजे ब्रेकला चाकाबरोबर फिरू न देणारी दांडीही तपासा, कारण मागे जाताना ब्रेक दाबला की तिच्यावर उलटा जोर येतो.

पेटी इंजिनच्या गिअरबॉक्सनंतर बसते, म्हणून रिव्हर्समध्येही सगळे गिअर पडतात. मागे जाताना फक्त पहिलाच टाका, वरचा कुठलाही कधीही टाकू नका. पुढचं चाक पुढे जाताना आपोआप सरळ होतं, मागे जाताना तेच वळायला बघतं आणि हँडल हातातून हिसकतं. वेग चालण्याइतकाच ठेवा. साध्या दोनचाकीला असा रिव्हर्स बसवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रिव्हर्स निसटत असेल तर आधी रिव्हर्स टाकायच्या लिव्हरची केबल किंवा रॉड पाहा. ती अर्धवट ओढत असेल तर दात पूर्ण अडकत नाहीत. तरीही निसटला तर पेटी उघडा, दातांच्या कडा गोल झालेल्या दिसतील. गाडी सरकत असताना लिव्हर ओढल्याने हे होतं. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबा, मगच लिव्हर ओढा. पेटी तापत असेल तर तेलाची पातळी बघा.

कागद आधी करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये दिव्यांगांच्या वाहनासाठी सोय आहे. आरटीओची परवानगी घ्या आणि बदल आरसीवर चढवून घ्या. विनापरवाना बदलाला कलम १८२-अ नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.