फ्रीजखाली पाणी दिसलं की गॅस भरायला धावू नका

सकाळी सकाळी फोन येतो, "फ्रीज लीक झालाय, येताना गॅस घेऊन या." जाऊन बघावं तर फ्रीज चार अंशांवर मस्त चाललाय, दुधाच्या पिशव्या गार आहेत आणि फरशीवर मात्र पाण्याचं थारोळं. गॅस लीक आणि पाणी लीक यांच्यात 'लीक' हा शब्द सोडला तर फारसं नातं नाही. गॅस गळला की हवेत उडून जातो, मागे राहिलाच तर तेलाचा डाग राहतो. पाणी होऊन तो फरशीवर येत नाही. तरी दर पावसाळ्यात मला दोन-चार फ्रीज असे भेटतातच, ज्यांत पाण्याच्या तक्रारीवर कुणीतरी गॅस भरून पैसे घेऊन गेलेलं असतं. पाणी जिथल्या तिथे.

एकच अपवाद. गॅस कमी झाला की कॉइलच्या, म्हणजे आतल्या गार नळ्यांच्या, तोंडापाशी तेवढा बर्फ धरतो, बाकी कॉइल कोरडी राहते. तो गोळा वाढत वाढत कॉइलखालच्या ट्रेच्या बाहेर आला की वितळताना थेट मालावर ठिबकतो. पण तेव्हा कूलिंगची बोंब आधीच सुरू झालेली असते. कूलिंग ठीक आणि पाणी चालू, असं असेल तर गॅसचं प्रेशर मोजायचं गेज किट गाडीतच राहू द्या.

मी सिंधुदुर्गच्या किनारपट्टीवर हॉटेलं, डेअऱ्या, आइस्क्रीमची दुकानं आणि मासळीवाल्यांचे फ्रीज बघतो. इथली हवाच ओली. हवा 30 अंशांवर आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर एका घनमीटर हवेत साधारण 24 ग्रॅम पाण्याची वाफ असते. तीच हवा चार अंशांवर आली की जेमतेम सहा ग्रॅम धरू शकते. उरलेले 18 ग्रॅम कॉइलवर दव किंवा बर्फ होऊन बसतात. चार दारांच्या फ्रीजचं आतलं माप सुमारे हजार लिटर, म्हणजे एक घनमीटर धरा. दिवसातून शंभर वेळा दार उघडलं आणि दरवेळी निम्मी हवा बदलली, तरी लिटरभर पाणी रोज आत येतं. फ्रीज पाणी तयार करत नाही, हवेतलं गोळा करतो. ते कॉइलखालच्या ट्रेत पडायचं, ड्रेन पाइपने खाली उतरायचं, कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेत साठून गरम पाइपाच्या उष्णतेने उडून जायचं. तुमच्या फरशीवर पाणी आहे म्हणजे या वाटेत कुठेतरी ते चुकलंय. कुठे, एवढंच शोधायचं असतं. आणि नेमकं तेवढंच कुणाला शोधायचं नसतं. त्यातून होणाऱ्या चुका या अशा.

पाणी पुसून मग कारण शोधणं

मालक लोक मिस्त्री यायच्या आत सगळं लख्ख पुसून ठेवतात. पाहुणे येणार म्हणून घर आवरावं तसं. नवीन मेकॅनिक पोरंही गेल्या गेल्या पोछा मागतात. अरे, तोच तर पुरावा! पाणी पुढून आलंय की मागून, एका कोपऱ्यात आहे की सगळीकडे, बोटाला चिकट लागतंय का, हे आधी बघा. चिकट असेल तर ते फ्रीजचं पाणी नव्हेच, आत कुठली तरी सरबताची बाटली आडवी झालेली असते. माझ्या हातून एकदा ड्रेन खोलून झाल्यावर ती बाटली सापडली, म्हणून सांगतो.

बघून झालं की पुसा आणि फ्रीजच्या चारही बाजूंनी खाली वर्तमानपत्राचे कागद सरकवा. अर्ध्या तासाने कुठला कागद आधी भिजला ते दिसतं. आतल्या ट्रेचा संशय असेल तर मी मगभर पाण्यात चिमूटभर नीळ टाकून तिथे ओततो. खाली निळं पाणी आलं तर वाट कळली. पांढरंच येत राहिलं तर ते दुसरीकडचं.

आणि विचारा, पाणी कधी येतं? रात्री लाईट गेल्यावर येत असेल तर कॉइल बर्फाने गच्च भरलेली आहे. कुणीतरी थर्मोस्टॅट शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवलेला असतो. साध्या चिलरच्या, म्हणजे बर्फ न करणाऱ्या फ्रीजच्या, कॉइलवरचा बर्फ कॉम्प्रेसर बंद असताना आपोआप सुटतो, त्याला वेगळा हीटर नसतो. कॉम्प्रेसर बंदच होऊ दिला नाही तर बर्फ सुटणार कधी? मग लाईट गेली की सगळा एकदम वितळतो. ठराविक तासांनी, तोही डीप फ्रीझरच्या आत पाणी येऊन बर्फाची लादी होत असेल तर ते डीफ्रॉस्टचं, म्हणजे हीटरने कॉइलवरचा बर्फ वितळवल्याचं पाणी आहे, ड्रेन गोठलाय. आणि फक्त जून ते सप्टेंबर बाहेरच्या अंगाला पाणी दिसत असेल तर तो घाम.

ट्रॅप कापून टाकणं

ही माझी खास राग असलेली चूक. ड्रेन पाइपला खाली यू आकाराचं वळण असतं, तोच ट्रॅप, त्यात थोडं पाणी कायम उभं राहतं. तिथे गाळ बसतो, मग तुंबतं. नवीन मेकॅनिक काय करतो? वळणच कापतो आणि पाइप सरळ करून देतो. वर मालकाला सांगतो, आता कध्धी तुंबणार नाही.

मालवणच्या बाजूच्या एका खानावळीत चार दारांचा फ्रीज होता. वरच्या खणात कॉइल, पंखा. तक्रार अशी की दुपारी जेवणाची गर्दी ओसरली की आत वरून पाणी टपकतं, खाली ठेवलेल्या सोलकढीच्या भांड्यात. मी गेलो, दार उघडलं, ट्रेत मगभर पाणी ओतलं. सुळकन खाली गेलं. ड्रेन साफ. फ्रीज किंचित पुढे कललेला वाटला म्हणून पाणसळ लावून पाय सारखे केले आणि परत आलो. दोन दिवसांनी पुन्हा फोन. दाराचं रबर बदललं. पुन्हा फोन. तिसऱ्या फेरीला मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, भांड्याकडे बोट दाखवून एवढंच म्हणाल्या, "मिस्त्री, ह्या पाणी येता खयसून?" मला त्या दिवशी जेवण विचारलं नाही, त्यावरून काय ते समजलो.

तिथेच खुर्ची टाकून बसलो. पाणी ओतलं की जातं, मग टपकतं कुठून? तासभराने डोक्यात प्रकाश पडला. मी पाणी ओततो तेव्हा दार उघडं असतं, आणि दार उघडलं की स्विचमुळे आतला पंखा बंद होतो! दाराच्या स्विचला चिकटपट्टी लावून दाबून ठेवला, पंखा सुरू झाला, आणि पाणी ओतलं. ट्रेत पाणी उभंच राहिलं. वर ड्रेनच्या भोकातून बुडबुडे यायला लागले, हुक्क्यासारखे.

मागे जाऊन पाइप बघितला. वळण कापून सरळ केलेला. कॉइलचा पंखा हवा ओढतो, त्यामुळे ट्रेच्या बाजूला किंचित ओढा तयार होतो. खाली पाइपाचं तोंड उघडं असेल तर पंखा तिथूनही बाहेरची हवा खेचतो, आणि वर येणारी ती हवा खाली जाणाऱ्या पाण्याला अडवून धरते. दुपारी माणसं सारखी दार उघडत होती, पंखा थांबत होता, पाणी जात होतं. गर्दी संपली, दार बंद राहिलं, पंखा सलग चालला आणि ट्रे भरून वाहिली. शिवाय बाहेरची दमट हवा पाइपातून थेट कॉइलवर, म्हणजे पाणी आणखी वाढलं.

पाइपाला पुन्हा यू वळण दिलं, त्यात तांब्याभर पाणी ओतलं, काम संपलं. छोट्या पंख्याचा ओढा म्हणजे काही मिलिमीटर उंचीचं पाणी उचलेल एवढाच. मी दोन इंच खोल वळण देतो, ते पुरून उरतं. तेव्हापासून दाराचा स्विच दाबल्याशिवाय मी ड्रेनची परीक्षा घेत नाही. डीप फ्रीझरला मात्र हे वळण थंड भागाच्या बाहेरच हवं. आत दिलंत तर उभं पाणी गोठून बूच बसतं.

तुंबलेल्या ड्रेनवर दादागिरी

पाइपात काय तुंबतं ते दुकानावर अवलंबून. डेअरीत साय आणि बुरशीचा लगदा, मिठाईवाल्याकडे पाक, मासळीवाल्याकडे खवले, आणि सगळीकडे बाटल्यांच्या लेबलांचे तुकडे. लेबलं भिजून सुटतात आणि बरोबर भोकावर जाऊन बसतात.

यावर घाईचा उपाय म्हणजे नायट्रोजनच्या सिलिंडरचं प्रेशर थेट पाइपात सोडणं. फट्ट आवाज येतो, गाळ उडतो, पोरगा खूश. पण ड्रेनचा पाइप पुष्कळदा मागच्या भिंतीच्या पफमधून, म्हणजे थंडी धरून ठेवणाऱ्या फोममधून जातो आणि आत त्याला जोड असतो. तो जोड सुटला की पाणी पफमध्ये मुरायला लागतं. असा एक फ्रीज मी उघडलाय. तळाचा पत्रा काढला तर पफ भिजलेल्या पावासारखा. बाहेरच्या पत्र्याला घाम, फ्रीज थांबायचं नाव घेत नाही, बिल वाढलेलं. ओला पफ थंडी धरत नाही आणि सुकतही नाही. त्या फ्रीजचा शेवट भंगारात झाला, दोष अर्थात शेवटच्या मेकॅनिकवर, म्हणजे माझ्यावर आला.

मी वापरतो ते 50 मिलीचं इंजेक्शन आणि हातभर मऊ नळी. वरून जोर लावायचा नाही, खालून ओढून घ्यायचं. मग कोमट पाण्यात खायचा सोडा घालून दोन-तीनदा सोडायचं. वेळ लागतो. लागू दे. बेसिनमध्ये टाकायची ड्रेनची पावडर इथे आणू नका, त्यातला कॉस्टिक ॲल्युमिनियमची कॉइल खातो.

स्क्रूड्रायव्हरने बर्फ फोडणं

याबद्दल एकच. कॉइलच्या नळ्या पातळ असतात आणि आत्ताच्या बऱ्याच नव्या फ्रीजमध्ये आर-290 असतो. आर-290 म्हणजे प्रोपेन, म्हणजे जळणारा. नळीला भोक पडलं की तो बंद पेटीत साठतो आणि एखाद्या स्विचची ठिणगी पुरते. गॅसच्या ज्योतीच्या हँडटॉर्चने बर्फ वितळवणारे महाभागही मी पाहिलेत. प्लग काढा, माल दुसरीकडे हलवा, दारं उघडी टाका, समोर टेबल फॅन लावा आणि जाऊन चहा प्या. दोन-तीन तासांचं काम आहे. तेवढा धीर नसेल तर या धंद्यात पडू नका.

हीटर बघायचा विसरणं

डीप फ्रीझरचा ड्रेन गोठला की पोरं गरम पाणी ओतून मोकळा करतात आणि निघतात. चार दिवसांनी पुन्हा लादी. गोठला का ते कुणी बघायचं? ड्रेनमध्ये हीटरची वायर असते, ती मीटरने तपासा. ती ठीक असेल तर डीफ्रॉस्टचा हीटर, टायमर, बायमेटल (गरम-गार झाल्यावर आपोआप चालू-बंद होणारा स्विच), याच क्रमाने. प्लग काढून, हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं.

घामाला सिलिकॉन

पावसाळ्यात 30 अंश आणि 80 टक्के दमटपणात साधारण 26 अंशांच्या खालची कुठलीही वस्तू घामेजते. स्टीलचा गार तांब्या घामेजतो तशीच काच, दाराची चौकट, आणि इन्सुलेशन फाटलेला सक्शन पाइप, म्हणजे कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे जाणारा गार पाइप. या घामाला गळती समजून जिथे तिथे सिलिकॉन भरणारी जमात आहे. कधी कधी नेमकं ड्रेनचं भोकच बुजवलेलं असतं. सक्शन पाइपाचं काळं फोम तपासा, काचेचा किंवा चौकटीचा हीटर चालू आहे का बघा, रबरात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा. नोट सहज सुटली तर तिथून हवा येतेय. रबर आकसलं असेल तर गरम पाण्याच्या फडक्याने शेकून बघा, पुष्कळदा जागेवर येतं. नाही आलं तर बदला. कापून जोडू नका.

खालची ट्रे भरून वाहत असेल तर ती काढून टाकू नका आणि तिला भोक तर मुळीच पाडू नका. आधी कंडेन्सरची, म्हणजे कॉम्प्रेसरजवळच्या गरम जाळीची धूळ झाडा, पंखा फिरतोय का बघा. तिथली गरम हवाच ते पाणी उडवते. आणि आचाऱ्याला सांगा, वाफाळतं पातेलं झाकण न लावता आत ठेवू नकोस. हे मी सांगतो, तो मान डोलावतो, दुसऱ्या दिवशी पातेलं आत.

त्या खानावळीचा यू अजून तसाच आहे. पावसाळ्यात पर्यटक नसतात, खानावळ बंद, फ्रीज बंद, वळणातलं पाणी सुकून जातं. ऑक्टोबरमध्ये फ्रीज सुरू केला की बाईंचा फोन येतो, वर बुडबुड आवाज येतोय म्हणून. मी फोनवरच सांगतो, तांब्याभर पाणी ओता. मागच्या वर्षी फोन आला नाही. गेलो तेव्हा म्हणाल्या, ओतलं मीच. त्या दिवशी जेवूनच आलो.