जुन्या व्हीटेकची ऑइल गळती: गिअरबॉक्स उतरवण्याआधी

भारतात आलेल्या होंडा सिटीच्या पहिल्या पिढीतलं १.५ लिटरचं व्हीटेक (आरपीएम चढले की व्हॉल्व्ह जास्त उघडणारं) इंजिन १०६ हॉर्सपॉवर देतं. बाहेरून गाडी साधी सेडान दिसते. पण पारोळ्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि काटा वर चढला, की ती स्पोर्ट्स कारच आहे. ज्यांच्याकडे ती अजून आहे त्यांनी ती त्यासाठीच जपली आहे. २००३ ला हे मॉडेल गेलं, म्हणजे आज सगळ्यात नव्या गाडीचं वयही वीसच्या वर. एवढ्या वर्षांत इंजिनाचं रबर कडक होणारच, त्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे नेणारा आपला जळगाव-भुसावळचा पट्टा. त्यामुळे गाडीखाली काळा डाग दिसला तर घाबरायचं कारण नाही. फक्त डाग पडला त्याच्या बरोबर वर गळती असेल असं धरून चालू नका. तेल वरून खाली उतरतं आणि चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो. गळती कुठलीही असो, थेंब बहुतेक वेळा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरच येऊन लटकतो.

त्या थेंबाकडे बघून गॅरेजात एकच उत्तर मिळतं. मलाही मिळालं होतं: "भाऊ, मागचं क्रँक सील गेलं. गिअरबॉक्स खाली घ्यावा लागीन." म्हणजे क्रँकशाफ्ट इंजिनातून गिअरबॉक्सकडे बाहेर येतो तिथलं तेल अडवणारं रबर. मी गाडी घरी आणली आणि वरून शोधत गेलो. तेल येत होतं प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या ओ-रिंगमधून, म्हणजे रबरी कडीतून. तीन बोल्टचं काम.

आधी ते तेल इंजिनाचंच आहे ना, हे पाहा. केळीच्या खोक्याचा पुठ्ठा आपल्याकडे कुठेही मिळतो. तो रात्री गाडीखाली टाका आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागेची खूण करा. इंजिन ऑइल काळपट तपकिरी असतं. पॉवर स्टीअरिंगचं तेल पातळ आणि फिकं, कूलंट रंगीत आणि बोटाला चिकट. एसीचं पाणी नुसतं पाणीच असतं, ते सोडून द्या.

मग धुणं. हे काम कंटाळवाणं आहे, पण याच्याशिवाय पुढचं सगळं वाया जातं. आपल्याकडची धूळ तेलावर बसते आणि तिचा जाड थर होतो. त्या थरात तेल शोषलं जातं, पसरतं, आणि सुरुवात कुठून झाली ते कळतच नाही. इंजिन थंड असताना डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीने बांधा. डिग्रीझर मारून ब्रशने घासा, पाण्याचा जोर कमी ठेवा आणि पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर संशयाच्या सगळ्या जोडांवर पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे हलकासा मारा. पांढऱ्यावर तेलाची ओली रेघ लगेच उठून दिसते.

आता जळगाव-भुसावळ एक फेरी मारा, आणि जिथे रस्ता परवानगी देईल तिथे इंजिन वरच्या आरपीएमपर्यंत न्या. तेल तापून पातळ झाल्याशिवाय बारीक गळती दिसत नाही. व्हीटेकच्या सोलेनॉइडकडची (व्हीटेकला तेल सोडणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हकडची) गळती तर बऱ्याचदा आरपीएम चढल्यावरच उघडी पडते. परत आल्यावर टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघायला लागा. गाडीखाली जायचं असेल तर स्टँड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नका.

बघायचं वरून खाली. सगळ्यात वरची ओली जागा हीच गळती. खालचं सगळं तिचंच ओघळलेलं तेल.

इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगपासून सुरुवात करा. या इंजिनात एक्झॉस्ट रेडिएटरकडच्या बाजूला आहे. कव्हरची पुढची कड गळत असेल तर तेल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडतं आणि सिग्नलला थांबल्यावर केबिनमध्ये जळका वास येतो. हा वास आला तर काम पुढे ढकलू नका, तिथे आग लागू शकते. प्लग वायर काढून प्लगच्या विहिरीतही पाहा. तिथे तेल साचलं असेल तर विहिरीची सीलं गेलीत, ती पॅकिंगबरोबरच बदला. नट १० नंबरच्या पान्याने हलकेच, आलटूनपालटून आवळा. कंपनीचा टॉर्क १० न्यूटन-मीटरच्या आसपासच आहे. जोर लावला की पॅकिंग चिरडतं आणि गळती वाढते.

त्यानंतर डिस्ट्रिब्युटर. तो हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसतो, म्हणून त्याचं तेल थेट गिअरबॉक्सवर उतरतं आणि मागच्या सीलचा आळ येतो. सोडण्याआधी त्याच्या बुडावर आणि हेडवर मिळून एक ओरखडा ओढून ठेवा. बोल्टच्या खाचेत तो सरकवता येतो, बसवताना जागा चुकली तर टायमिंग बदलतं. माझी जुनी ओ-रिंग काढली तेव्हा ती चपटी झाली होती, आणि बोटांत वाकवली तशी कुरडईसारखी कटकन मोडली. नवीन रिंगला इंजिन ऑइलचा हात फिरवून बसवा. आणि कॅप उघडून आत पाहायला विसरू नका. आत तेल असेल तर शाफ्टचं आतलं सील गेलंय, बाहेरची रिंग बदलून काही होणार नाही.

त्याच टोकाला व्हीटेकचा सोलेनॉइड आहे. त्याच्या पॅकिंगमध्ये बारीक जाळी असते. जुनं पॅकिंग सिलिकॉन लावून परत बसवू नका. सिलिकॉनचा तुकडा तेलाच्या वाटेत गेला तर व्हीटेकच बंद पडेल. नवीन पॅकिंग घ्या, जाळी साफ आहे ना ते बघा.

ब्लॉकच्या मागे ऑइल फिल्टर आणि ऑइल प्रेशर स्विच. स्विचच्या रबरी टोपीत तेल असेल तर स्विच बदला. फिल्टरला जुनी रिंग चिकटून दोन रिंगा झाल्या नाहीत ना, तेवढं पाहा. ड्रेन बोल्टचं वॉशर दर सर्व्हिसला नवीन टाका. टायमिंग बेल्टच्या बाजूची कॅम आणि क्रँकची सीलं बेल्ट बदलताना करणं परवडतं. पण बेल्टवर तेल आलं असेल तर थांबू नका.

हे सगळं करूनही दोन-तीन ठिकाणांहून एकदम तेल येत असेल, तर इंजिनाचा श्वास तपासा. इंजिनात कोंडलेली हवा बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवा, आतून टकटक आवाज यायला हवा. तो चोक झाला की आतला दाब वाढतो आणि तेल जिथून वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. व्हॉल्व्ह ठीक असून ऑइल भरायच्या तोंडातून धुरासकट जोरात वारा येत असेल, तर पिस्टनच्या रिंगांचा विषय आहे. तेव्हा नव्या सीलांवर खर्च करण्याआधी कॉम्प्रेशन तपासून घ्या. गळती थांबवायच्या बाटल्या मात्र मी या इंजिनात घालणार नाही. रबर फुगवून त्या काही दिवस काढून देतात, दुखणं तसंच राहतं.

वरचं सगळं कोरडं आहे आणि तरी गिअरबॉक्सच्या घंटीच्या (इंजिनाला जोडलेल्या घंटीसारख्या भागाच्या) बुडातून इंजिन ऑइल येतंय, तेव्हाच मागचं सील. मग गिअरबॉक्स उतरवाच, आणि उतरलेला आहे तोवर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सीलही पाहून घ्या. क्रँकवर जुन्या सीलच्या ओठाने खाच पाडली असेल तर मेकॅनिकला नवीन सील किंचित वेगळ्या खोलीवर बसवायला सांगा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर टेकेल.