ड्युअल बूटची तयारी: आधी रिकव्हरी की, मग बाकीचं

विंडोज असलेल्या लॅपटॉपवर शेजारी लिनक्स बसवायचं ठरलं असेल, तर आज लिनक्सच्या इन्स्टॉलरच्या पेन ड्राइव्हला हातही लावू नका. आधी कागद आणि पेन घ्या. बिटलॉकर म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. तिची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायचा आणीबाणीचा आकडा, शोधा आणि कागदावर उतरवून ठेवा. ४८ आकडे असतात, सहा-सहाचे आठ गट. तुमच्या लॅपटॉपवर बिटलॉकर नाहीच असं वाटत असेल, तरी तपासा. मलाही तसंच वाटत होतं.

गेल्या वेळी मी सगळं नीट वाचून केलं होतं, फक्त हे सोडून. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाची मूळ सेटिंग्ज) सिक्युअर बूट (ओळखीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) बंद केलं, लिनक्स बसवलं, ते छान चाललं. रात्री विंडोज उघडायला गेले तर निळा स्क्रीन, रिकव्हरी की टाका म्हणून. की त्या लॅपटॉपवर पहिल्या दिवशी लॉगिन केलेल्या ईमेल खात्यात जमा होती, आणि ते खातं भावाचं, कधीच बंद झालेलं. बाबांच्या आवाजाची काही रेकॉर्डिंग्ज फक्त त्याच डिस्कवर होती. ती परत मिळाली नाहीत. डेटा डिस्कवर जसाच्या तसा असतो, पण कीशिवाय तो कोणालाही उघडता येत नाही. कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर तिथे कामाचं नाही.

हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे कंटाळा करणार नाही. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, होम आवृत्तीतसुद्धा. कुलूप उघडायची किल्ली टीपीएम चिपमध्ये असते, आणि मशीन नेहमीसारखंच सुरू झालं तरच चिप ती देते. सिक्युअर बूट बदललं, बायोसमध्ये आणखी काही हलवलं, किंवा मध्ये नवा बूटलोडर (सिस्टम सुरू करून देणारा प्रोग्राम) आला, की चिप किल्ली देत नाही आणि तुमच्याकडे ४८ आकडे मागितले जातात. ड्युअल बूट करताना आपण नेमकं हेच सगळं करतो.

तेव्हा सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन बघा. प्रो असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये बिटलॉकर. चालू असेल तर दुसऱ्या मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरून की प्रत्यक्ष डोळ्यांनी बघा. खात्यात असेलच, असं म्हणून पुढे जाऊ नका. एका खात्यात दोन-तीन लॅपटॉपच्या की असू शकतात, म्हणून कीबरोबर दिलेला की आयडीही उतरवा. निळ्या स्क्रीनवर तोच आयडी दिसतो, त्यावरून कुठली की ते कळतं. फोटो काढा, पण कागदावरही लिहा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर फाइल करून ठेवलीत तर ती कुलपाच्या आत राहील.

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, दोन-चार फाइल उघडून बघा, आणि इन्स्टॉल करताना ती डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली आणि चुकून तीच निवडली गेली, तर बॅकअपच पुसला जाईल.

फास्ट स्टार्टअप बंद करा, हायबरनेशनही. ते चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं. मग लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन (डिस्कवरचा त्याचा भाग) नीट उघडत नाही, आणि जबरदस्तीने लिहायला गेलात तर फाइल बिघडू शकतात.

लिनक्ससाठी जागा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच काढा. शंभर जीबी मोकळे असून तीसच कमी करू देतंय, असं झालं तर हलवता न येणाऱ्या फाइल मध्ये आल्या आहेत. हायबरनेशन आणि रिस्टोर पॉइंट बंद करून पुन्हा बघा. उबुंटू किमान २५ जीबी सांगतं, पण काम करायचं असेल तर साठ तरी द्या. काढलेली जागा तशीच रिकामी सोडा, फॉरमॅट करू नका.

विंडोजच्या सिस्टम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोड बघा. यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) असेल तर पेन ड्राइव्हही त्याच मोडमध्ये सुरू करायचा. सिक्युअर बूट बंद करा असं अजून कोणी सांगत असेल तर ऐकू नका: उबुंटू, फेडोरा, डेबियन हे सगळे ते चालू असताना बसतात. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरसाठी इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगू शकतो. तसं झालं तर पुढच्या रीस्टार्टला मॉकचा (सिक्युअर बूटला नव्या ड्रायव्हरची ओळख पटवून देणारा) निळा स्क्रीन काही सेकंदच थांबतो, तेव्हा एनरोल निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पासवर्डही कागदावर, कीच्या खाली.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेजचा मोड (डिस्क चालवायची पद्धत) इंटेल आरएसटी किंवा रेड असू शकतो, तो एएचसीआय करावा लागतो. थेट बदललंत तर विंडोज सुरूच होणार नाही. आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग या प्रोग्राममधून सेफ बूटवर खूण करा, मग बायोसमध्ये बदल करा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या, मग खूण काढा. आणि इथेही रिकव्हरी की मागणारा तो निळा स्क्रीन येऊ शकतो, म्हणून की हाताशी. लिहिली ना? नसेल तर इथेच थांबा आणि लिहून या.

बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर सस्पेंड करा, म्हणजे तात्पुरतं थांबवा. नुसतं सस्पेंड केलं तर ते साधारण एका रीस्टार्टनंतर आपोआप पुन्हा चालू होतं, आणि या कामात रीस्टार्ट चार-पाच होतात. म्हणून सस्पेंड केलं तरी की लागतेच. इन्स्टॉलर बिटलॉकरमुळे अडला तर एन्क्रिप्शन पूर्ण बंद करा आणि डिक्रिप्शन शंभर टक्के होईपर्यंत थांबा, मध्ये बंद करू नका.

आयएसओचा (लिनक्सची उतरवलेली इन्स्टॉल फाइल) चेकसम, म्हणजे फाइल बिघडली नाही ना हे पडताळणारा कोड, जुळवा. चार्जर लावा. पेन ड्राइव्हवरून लिनक्स आधी नुसतं चालवून वायफाय, आवाज, टचपॅड बघा.

इन्स्टॉल करताना पार्टिशन स्वतः निवडत असाल तर ईएफआय पार्टिशन (बूटलोडर असलेला डिस्कचा छोटा भाग) वापरायचं, पण त्यापुढची फॉरमॅटची खूण काढायची. ती राहिली तर विंडोजचा बूटलोडर गेला. बाकी पडदे सोपे आहेत.

नंतरचं थोडं आहे. ग्रबच्या (कुठली सिस्टम उघडायची ते विचारणारा लिनक्सचा बूटलोडर) यादीत विंडोज नसेल तर ओएस-प्रोबर (दुसऱ्या सिस्टम शोधणारा प्रोग्राम) चालू करून ग्रब अपडेट करा. घड्याळ चुकत असेल तर लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगा. विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर लिनक्स दिसेनासं झालं तर बायोसमध्ये बूट क्रम बघा.

विंडोज पहिल्यांदा उघडताना कागद समोर ठेवा. की मागितली तर आयडी जुळवून टाका, आत जाऊन बिटलॉकर परत चालू झालंय का बघा, एन्क्रिप्शन पूर्ण बंद करून पुन्हा लावलं असेल तर की नवी असते, तीही उतरवा, जुनी खोडा.