डॅशकॅमसाठी किती जीबीचे मेमरी कार्ड घ्यावे?

कार्ड भरले की डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या काचेवर बसवलेला रस्त्याचे चित्रण करणारा कॅमेरा, सर्वांत जुने चित्रण पुसून त्यावर नवे साठवतो. त्यामुळे क्षमता ठरवताना मागचे किती तासांचे चित्रण हाताशी हवे, हाच खरा प्रश्न असतो. हिशेब सोपा आहे. फुल एचडी कॅमेरा सेकंदाला 15 मेगाबिट या गतीने चित्रण करत असेल, तर तासाला सुमारे पावणेसात जीबी जागा लागते आणि 64 जीबीच्या कार्डात साधारण नऊ तास मावतात. मागच्या काचेवर तसाच दुसरा कॅमेरा असल्यास हे तास निम्मे होतात, म्हणजे मुंबईहून सकाळी गोव्याला निघालेल्या गाडीचे पनवेलजवळचे चित्रण मुक्कामी पोहोचण्याआधीच पुसले गेलेले असते. फोरकेमध्ये, म्हणजे फुल एचडीहून अधिक बारकावे टिपणाऱ्या चित्रणात, 40 मेगाबिटची गती धरली, तर तासाला 18 जीबी लागतात. तिथे 128 जीबीपेक्षा कमी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

धक्का बसताच कुलूपबंद होणाऱ्या, म्हणजे आपोआप न पुसल्या जाणाऱ्या फाइली आणि पार्किंगमधील चित्रणही जागा अडवतात, म्हणून हिशेबापेक्षा थोडे मोठेच कार्ड घ्यावे. मोठ्या कार्डावर पुनर्लेखनाची पाळी उशिरा येत असल्याने ते टिकतेही अधिक. मात्र कॅमेरा कमाल किती जीबी स्वीकारतो, हे माहितीपुस्तिकेत आधी पाहावे, सतत लेखनासाठी बनवलेले ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्डच निवडावे आणि ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे.