आक्रमक कुत्र्याशी आपल्या कुत्र्याची भेट घडवावी का?

ओळखीच्या माणसाचा कुत्रा इतर कुत्र्यांच्या अंगावर धावून जातो हे ठाऊक असूनही 'एकदा एकत्र सोडून पाहू, आपापसांत जमवून घेतील' असा आग्रह होतो आणि भिडेपोटी आपण हो म्हणून बसतो. अशा वेळी त्या दोघांचे जमेल का हा प्रश्न नंतरचा आहे. भेट बिघडली तर आपल्या कुत्र्याला काय सोसावे लागेल आणि भेट झालीच नाही तर त्याचे काय अडेल, याचा विचार आधी करावा. प्रौढ कुत्र्याचे सहसा काहीही अडत नाही. रोजचे फिरणे, मनसोक्त हुंगणे, घरच्या माणसांचा सहवास आणि पटणारा एखादा सोबती एवढ्यावर तो सुखाने राहतो. म्हणूनच शंका उरत असेल तर नकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

शंका दूर करायची असेल तर समोरच्या मालकाला नेमके प्रश्न विचारावेत. त्याचा कुत्रा कोणावर, कोठे आणि किती अंतरावरून धावून जातो? फक्त पट्ट्यात असताना भुंकतो की मोकळा असतानाही हल्ला करतो? वाडग्याजवळ किंवा खेळण्याजवळ कोणी आले तरच बिथरतो का? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आजवर त्याच्या दातांनी कोणाला किती इजा झाली? गुरगुरणारा, दात विचकणारा, पण अनेक भांडणांनंतरही कोणाला ओरखड्यापलीकडे जखम न करणारा कुत्रा आणि एकाच प्रसंगात खोल चावा घेऊन डोके झटकणारा कुत्रा यांत फार अंतर आहे. पशुवैद्य इयान डनबार यांनी चाव्याच्या तीव्रतेच्या 6 पायऱ्या केल्या आहेत. त्यात पहिल्या पायरीवर दात अंगाला लागतच नाहीत, तर चौथ्या पायरीवर दात सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा खोल रुततात. जखमा अशा खोल असतील, तर मालक कितीही खात्री देत असला तरी आपला कुत्रा तेथे नेऊ नये. आक्रमकता अलीकडेच आणि अचानक सुरू झाली असेल, तर त्या कुत्र्याची आधी पशुवैद्यांकडून तपासणी व्हायला हवी. सांधेदुखी किंवा कानाचा संसर्ग यांसारख्या वेदनेमुळेही शांत कुत्रा चिडखोर होतो.

आता आपल्या कुत्र्याकडे पाहावे. पिल्लाच्या बाबतीत तर मी कोणताही धोका पत्करण्याच्या विरुद्ध आहे. साधारण 3 ते 14 आठवड्यांच्या काळात आलेले अनुभव पिल्लाच्या मनात खोलवर रुजतात आणि त्या वयातील एका हल्ल्यामुळे पुढे सगळ्याच कुत्र्यांची भीती बसू शकते. लहान चणीचा, म्हातारा, आजारी किंवा मुळातच बुजरा कुत्रा असेल तरीही उत्तर नाही असेच द्यावे. वजनात मोठी तफावत असली, की मोठ्या कुत्र्याचा एकच चावा लहान्याच्या जिवावर बेतू शकतो.

एवढे सगळे पाहूनही भेट घडवायचे ठरले, तर ती कोणाच्याही घरी किंवा अंगणात ठेवू नये. दोघांनाही परकी असलेली मोकळी जागा निवडावी आणि खाऊ व चेंडू दोघांच्या मध्ये येऊ देऊ नयेत. समोरच्या कुत्र्याला जाळीच्या मुसक्याची आधीपासून सवय असावी. मुसके असे हवे, की त्यात तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणीही पिता येईल. मात्र मुसके घातलेला कुत्रासुद्धा धडक मारून दुसऱ्याला खाली पाडू शकतो, हे विसरू नये. सुरुवातीला समोरासमोर न आणता दोघांना भरपूर अंतर राखून एकाच दिशेने चालवावे. पट्टा सैल धरावा, कारण ताणलेल्या पट्ट्याने कुत्र्याची अस्वस्थता वाढते. दोघेही जमीन हुंगू लागले, मालकांकडे वळून पाहू लागले, की अंतर थोडे कमी करावे आणि त्या दिवशी तेथेच थांबावे. हे काम अनेक दिवसांचे आहे, आणि चाव्याचा इतिहास असेल तर ते अनुभवी वर्तनतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावे.

या काळात शेपूट हलते आहे एवढ्यावर विसंबू नये. उंच, ताठ धरलेली आणि बारीक थरथरणारी शेपटी मैत्रीची खूण नसते. अंग ताठरणे, नजर रोखणे, तोंड घट्ट मिटणे आणि विशेषतः हालचाल अचानक थांबणे हे हल्ल्यापूर्वीचे इशारे आहेत. ही स्तब्धता कधीकधी क्षणभरच टिकते. आपला कुत्रा ओठ चाटत असेल, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल इतका तिरका पाहत असेल, तुमच्या पायांमागे दडत असेल, तर त्याने आपले उत्तर दिलेले आहे. खेळकर कुत्र्याचे अंग सैल व लवचीक असते. तो पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करतो. खेळ आहे की दांडगाई असा प्रश्न पडला तर जोर करणाऱ्याला क्षणभर बाजूला घ्यावे. दुसरा स्वतःहून पुन्हा जवळ आला तर खेळ चालू द्यावा, दूर निघून गेला तर भेट संपवावी. गुरगुरल्याबद्दल कोणत्याही कुत्र्याला रागावू नये. दटावणीने गुरगुरणे बंद झालेला कुत्रा पुढे इशारा न देताच चावू शकतो.

भांडण जुंपलेच तर दोघांच्या तोंडांमध्ये हात घालू नये. पाण्याचा जोरदार फवारा किंवा मध्ये सरकवलेली फळी उपयोगी पडते. नंतर केस बाजूला सारून, विशेषतः मान, काख आणि पोट नीट तपासावे. वरून टाचणीएवढे दिसणारे भोक आतून फाटलेल्या स्नायूंचे असू शकते, म्हणून रक्त थांबले तरी त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवावे. माणसाला दात लागला असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.