जनरेटर घराबाहेर, तोही लांब

वीज गेली की जनरेटर गॅलरीत किंवा गॅरेजमध्ये लावून दार अर्धवट उघडं ठेवायचा मोह होतो. तो टाळा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग ना वास. डोकं का दुखतंय, मळमळतंय का, हे उमगेपर्यंत माणूस गुंगीत जाऊ शकतो. झोपेत तर तेवढंही कळत नाही. खिडक्या उघडून किंवा पंखा लावून भागत नाही. जनरेटर घरापासून किमान 6 मीटर दूर, उघड्यावर ठेवा आणि धुराचं तोंड दारं-खिडक्यांच्या उलट दिशेला करा. घरात बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म हवाच.

दुसरा जीवघेणा जुगाड म्हणजे दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर जनरेटरमधून थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसणं. वीज उलटी बाहेरच्या तारांत शिरते, ट्रान्सफॉर्मरमधून तिचा दाब वाढतो आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. घराच्या वायरिंगला जोडायचंच असेल तर इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी बाहेरची लाईन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा) बसवून घ्या. नाहीतर जाड एक्स्टेंशन वायरने फ्रिज, दिवे थेट जनरेटरला जोडा.

पेट्रोल भरण्याआधी इंजिन बंद करून पुरतं गार होऊ द्या. तापलेल्या सायलेन्सरवर चार थेंब सांडले तरी भडका उडू शकतो.